हार घातलेला पादचारी

शुक्रवार पेठेच्या चौकात पायी चालणाऱ्यांना वाचवायचं ठरलं, तेव्हा समितीचं अध्यक्षपद हिंदुराव सायकलवाल्यांकडे गेलं. यात कुणाला वावगं वाटलं नाही. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली त्यांच्या दुकानातल्या, आणि चौकात माणसाला धडक बसायची तीही बहुतेक त्यांच्याच सायकलीची. विषयाचा एवढा अनुभव पेठेत दुसऱ्या कुणाला नव्हता.

चौऱ्याहत्तर साल होतं. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटायची आणि चौकात सायकलींचा लोंढा यायचा. भाड्याच्या सायकलीला घंटी असली तर ब्रेक नसायचा, ब्रेक असला तर तो लावायची सवय नसायची. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास केराबाई भाजीवालीच्या पाटीवरून एक सायकल गेली आणि पाटी सावरायला वाकलेल्या केराबाईच्या पायावरून दुसरी. पेठेनं हळहळ व्यक्त केली आणि समिती नेमली.

समितीनं आधी हस्तपत्रकं छापली. ती वाटायची कामगिरी वीरभद्रप्पांच्या किराणा दुकानाकडे आली. वीरभद्रप्पांनी एकही पत्रक वाया घालवलं नाही, प्रत्येकात शेंगांची चटणी बांधून दिली. मग टॉकीजमध्ये स्लाइड लावली. ती मध्यंतरात दाखवायचे, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक रस्ता ओलांडून पलीकडे चहाला गेलेले असायचे. शेवटी चौकातच एक मोठा बोर्ड लावायचं ठरलं. त्यावर एका पादचाऱ्याचं चित्र आणि खाली मजकूर, "थांबा. पाहा. मग जा."

"अय्यो, 'जा' काय लिहिता हो?" वीरभद्रप्पा म्हणाले. "सकाळी दुकान उघडलं की माझ्या तोंडासमोर येणार ते. घरातनं निघालेल्या माणसाला आपण 'जा' म्हणतो काय? 'या' म्हणतो."

"पण अप्पा, तो रस्ता ओलांडून तिकडं जाणार आहे," समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"तिकडनं बघितलं तर इकडंच येतोय की."

"थांबा. पाहा. मग या." असा मजकूर एकमतानं मंजूर झाला. वरच्या "पादचारी बंधूंनो" या मथळ्यावर मात्र केराबाईनं प्लास्टरमधला पाय पुढं पसरून हरकत घेतली.

"पादचारी म्हंजी कोन रं, हिंदुराव?"

"पायी चालणारा, मावशे."

"मग चालनारा म्हना की. मानसाला असलं वंगाळ नाव ठेवत्यात व्हय?"

नाव सरकारी असल्यामुळे राहिलं.

आता चित्र. सोमलिंग पेंटर टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. त्यानं आधीच सांगून टाकलं, "समोर माणूस बसवा. नाहीतर हात आपोआप हीरोवर जातो." समोर बसायला पेठेत कुणाला वेळ नव्हता. फक्त ज्ञानबाला होता.

ज्ञानबा मूळचा मैंदर्गीकडचा. उभी हयात गिरणीत गेली. निवृत्त झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात बायको रंभाबाई गेली. मुलगा मानसिंग भिलाईच्या पोलाद कारखान्यात. त्याचं पोस्टकार्ड अधूनमधून यायचं आणि त्याच्या शेवटी "दिवाळीला येतो" असं असायचं. कुठल्या दिवाळीला, ते नसायचं.

गल्लीतल्या एका खोलीत ज्ञानबा राहायचा. सकाळी स्वतःपुरता भात टाकला की दिवस रिकामा. मग तो चौकात येऊन रस्ता ओलांडायचा. पलीकडे काही काम नसायचं, म्हणून परत अलीकडे यायचा. भोंग्याच्या वेळेला तर हटकून. सायकलवाले करकचून पाय टेकवत ओरडायचे, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" ज्ञानबा हात वर करून हसायचा. दिवसातनं कुणीतरी चौकशी करतंय, एवढाच त्याला त्यातला अर्थ लागायचा.

तर ज्ञानबा सोमलिंगसमोर स्टुलावर बसला. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, एक पाय पुढे. सोमलिंग त्याच्याकडे बघायचा, रंग लावायचा, पुन्हा बघायचा. रंभाबाई गेल्यापासून ज्ञानबाकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. चित्र पुरं झाल्यावर तो म्हणाला, "कान जरा चुकलाय न्हवं?"

कान बरोबर होता. सोमलिंगनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या बसा मग आणि एकदा."

दुसऱ्या दिवशी त्यानं कानाला हात लावला नाही. नुसता ब्रश बुडवत आणि बघत बसला. मात्र हाताची सवय म्हणून गालांवर थोडा गुलाबी रंग चढलाच. बोर्ड चौकात उभा राहिला तेव्हा ज्ञानबा होता त्यापेक्षा पुष्कळ गोरा झालेला होता. माणूस चित्रात इतका गोरा सहसा वारल्यावरच होतो. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

बोर्डाबरोबर समितीचा पादचारी सुरक्षा सप्ताहही सुरू व्हायचा होता. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि घाईत आले. हिंदुरावांनी त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा जाड हार पुढं केला. पाहुण्यांनी तो गळ्यात पडण्याआधीच हातात घेतला, समोर पाहिलं, चित्र दिसलं, आणि सवयीनं पुढं होऊन हार चित्राला घातला. मग हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घालून उभे राहिले. पाहुणे उभे म्हटल्यावर समिती उभी राहिली, समिती उभी म्हणून पेठ उभी राहिली. मागच्या रांगेत ज्ञानबानंही टोपी काढली आणि मान खाली घातली. सगळेच उभे होते, एकट्यानं बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"यांचं बलिदान," पाहुणे म्हणाले, "आपण व्यर्थ जाऊ देणार नाही."

हिंदुराव खुलासा करायला उठले. त्यांनी तोंड उघडलं आणि गिरणीचा भोंगा झाला. भोंगा थांबेपर्यंत पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते, आणि चौकात शिरलेले सायकलवाले बोर्डावरच्या हार घातलेल्या ज्ञानबासमोर एकेक करून खाली उतरत होते. खालचा मजकूर वाचत होते. थांबा. पाहा. मग या.

कुठं या, ते लिहिलेलं नव्हतं. पण चित्रातला माणूस थेट डोळ्यांत बघत होता, आणि वारलेल्या माणसानं बोलावलं तर जायचं कुठं असतं हे ज्याचं त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या चौकात माणसं सायकली हातात धरून चालायला लागली.

एवढं यश समितीला अपेक्षित नव्हतं. हिंदुराव संध्याकाळी ज्ञानबाच्या खोलीवर आले.

"तात्या, एक विनंती हाय. हा सप्ताह संपेपर्यंत जरा चौकात येऊ नका."

"का रं?"

"आता कसं सांगू. लोक बोर्ड बघून हात जोडतात, आणि तुम्ही तिथंच मेथीची जुडी घेऊन उभे राहिला तर लोकांचा इश्वास कसा राहील?"

"मग मी कुटनं जाऊ?"

"मागच्या बोळातनं. दूध, किराणा सगळं पोचवतो की तुमाला."

ज्ञानबानं शब्द दिला. सप्ताह संपल्यावर पंधरवडा जाहीर झाला, आणि पंधरवड्यानंतर पुढील सूचना मिळेपर्यंत. गल्लीला खरी गोष्ट ठाऊक होती. गल्लीपुरता तो जिवंत होता. चौकापलीकडच्या सोलापुरात नव्हता.

पहिला आला तो कोंडीबा. गिरणीत शेजारच्या मागावर उभं राहून म्हातारा झालेला माणूस. गंभीर चेहरा करून त्यानं कडी वाजवली. ज्ञानबानं दार उघडलं.

"ज्ञानबा, तू हाईस की."

"हाय की. बस."

"आरं, मी तुज्या मयताला आलोय."

"मग बस की. च्या टाकतो."

कोंडीबा बसला. घरात कप दोनच होते, ते बऱ्याच काळानं दोन्ही एकाच वेळी वापरात आले. गिरणीतल्या गोष्टी झाल्या, कोण गेला, कुणाचे गुडघे गेले ते झालं. मग कोंडीबा घसा खाकरून म्हणाला, "आता आलोच हाय तर सांगतो. मानूस लई चांगला होतास."

"आदी कवा बोलला न्हाईस."

"आदी कवा मेला न्हाईस."

दोघं हसले. ऊन कलल्यावर कोंडीबा उठला. चपला घातल्या आणि तोंडाशी आलेला शब्द गिळून दारात घुटमळला.

"येतो म्हनायचं न्हाई बग," तो म्हणाला. "घरातनं मयताला म्हनून निघालोय." आणि मान हलवून मुकाट्यानं गेला.

मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पुढं काही दिवस माणसं येत राहिली. दुधनीचा पुतण्या गुंडा आला. मैंदर्गीहून चुलत सून आली, ती गल्लीच्या तोंडापासूनच रडं काढत आली. दारात ज्ञानबा उभा दिसल्यावरही तिनं ते पुरं केलं, अर्ध्यावर सोडणं बरं दिसलं नसतं. जुने शेजारी आले, ज्यांची नावं ज्ञानबाला आठवेनात असेही आले. ज्ञानबानं चार कप नवे आणले. रोज अंगरखा बदलायला लागला. मेल्यापासून त्याची तब्येत सुधारली असं गल्लीत बोललं जायचं. येणारा प्रत्येकजण त्याला बघून दचकायचा, मग हसायचा, मग तासभर बसायचा. आणि घरातून मयतासाठी निघालेला असल्यामुळे जाताना प्रत्येकजण न बोलता जायचा.

गुंडानं निघण्याआधी कपाळावर हात मारून घेतला होता. "काका, घोटाळा झाला की. मी मानसिंगदादाला तार केली."

ज्ञानबाचा चहाचा कप तोंडाजवळ थांबला. "काय म्हनून?"

"वडील वारले, ताबडतोब या म्हनून. आता दुसरी करतो की, जिते हाईत म्हनून."

"तू नगं करू," ज्ञानबा म्हणाला. "मी कळवतो."

गुंडा गेल्यावर त्यानं खोली झाडली. रंभाबाईनं शिवलेली वाकळ पत्र्याच्या पेटीतून काढून उन्हात घातली. शेंगा भाजून ठेवल्या. कळवलं मात्र नाही. कोंडीबानं बोळात गाठून विचारलं तेव्हा "कळवतो की" म्हणाला, आणि पुन्हा वाकळ उलटी करायला गेला. एकच गोष्ट त्याला बघायची होती. मेल्यावर तरी येतोय का.

मैंदर्गी-दुधनीला एव्हाना खरं काय ते पोचलं होतं. म्हातारा धडधाकट आहे असं कळल्यावर तिकडचं येणं थांबलं. जिवंत माणसाला भेटायला जायचं म्हणजे काहीतरी कारण लागतं. नव्या कपांवर धूळ बसायला लागली. आणि अशा एका सकाळी दारात मानसिंग उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात ट्रंक, डोळे लाल. तो चौकातून आला होता. बोर्डाजवळ थांबून, हार नीट करून, तिथं काय रडायचं ते रडून आला होता.

बापाला बघून तो उंबऱ्यावरच बसला.

"आबा," तो म्हणाला, "कळवायचं की हो."

"कळवनार हुतो."

"कधी?"

"तू आल्यावर."

मानसिंगनं तोंड फिरवलं. तो हसतोय की रडतोय ते पाठीमागून कळेना. ज्ञानबानं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि स्वतः जरा लांब भिंतीला टेकून बसला. मग मानसिंगनं तांब्या उचलला आणि म्हणाला, "साहेबानं बाप वारल्याची रजा दिली. लगेच दिली, एका शब्दानं विचारलं नाही. आता पुढच्या खेपेला काय सांगू?"

"पुढच्या खेपेला मामा गेला म्हन."

"मामा मागच्या वर्षी सांगितलाय. पोरीच्या आजारपणात."

मानसिंग चार दिवस राहिला. दाराची कडी सैल झाली होती ती त्यानं घट्ट केली. मोरीचा दगड बसवला. दुपारी तो आईच्या वाकळेवर झोपायचा आणि ज्ञानबा त्याच्याकडे बघत बसायचा, सोमलिंग बघायचा तसा, कानापासून. बोलणं फार होत नव्हतं. भिलाईत थंडी असते का, असते. पोरगी शाळेत जाते का, जाते. तिकडे तिकडचीच भाषा बोलते का, तर आता तीच बोलते. आपल्याला तिच्याशी बोलता येईल का, हे ज्ञानबानं विचारलं नाही. परत कधी येशील, हे विचारायचं त्यानं रोज ठरवलं. रोज सकाळी चहा ओतताना शब्द तोंडाशी यायचा. पण या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर किती सहज लिहून येतं ते त्याला माहीत होतं. न विचारता, पोरानं आपणहून दारात उभं राहून, तोंडानं 'येतो' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी मानसिंगनं ट्रंक उचलली. बापाच्या पाया पडला. दारात जाऊन थांबला, वळला, तोंड उघडलं. आणि कोंडीबा घुटमळला होता तसाच नेमका घुटमळला. तो घरातून मयताला म्हणून निघालेला माणूस होता. म्हणावं की म्हणू नये, हे त्याला ठरवता येईना.

"गोळ्या घेत जावा, खोकल्याच्या," तो म्हणाला.

"व्हय," ज्ञानबा म्हणाला. "चल, चौकापतुर येतो."

चौकापर्यंत म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंतच. तिथं ज्ञानबा थांबला.

"चला की, टांग्यापर्यंत," मानसिंग म्हणाला. टांगा रस्त्याच्या पलीकडे, बोर्डाच्या खाली उभा होता.

"मला बंदी हाय," ज्ञानबा म्हणाला. "हिंदुरावाला शबुद दिलाय."

मानसिंगनं एकदा बापाकडे आणि एकदा बोर्डाकडे पाहिलं. मग तो रस्त्याच्या कडेला थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि ओलांडून गेला. बोर्डावर लिहिलं होतं तसं सगळं त्यानं केलं. ट्रंक टांग्यात ठेवली. टांग्यात चढताना पायरीवर थबकला, चित्राकडे वर बघून नमस्कार केला, मग गल्लीकडे वळला. त्याचे ओठ हलले.

त्याच क्षणी गिरणीचा भोंगा झाला.

ज्ञानबानं कानामागं हात धरला. मानसिंगनं पुन्हा काहीतरी म्हटलं, की नुसती मान हलवली, ते कळेना. टांगेवाल्यानं लगाम झटकला. भोंगा चालूच होता. आणि ज्ञानबा हिंदुरावाला दिलेला शब्द, सप्ताह, पंधरवडा, सगळं मागं टाकून गल्लीच्या तोंडातून रस्त्यात उतरला. थांबला नाही, पाहिलं नाही.

गिरणीची पाळी सुटली होती. निरनिराळ्या पेठांतली माणसं, त्यांच्या लेखी तो वारून बोर्डावर गेलेला होता. पहिल्यानं त्याला बघितलं आणि हातातली सायकल आडवी केली. त्याच्या मागचा त्याच्यावर आदळायचा, पण तोही बघून थिजला. बघता बघता दोन्ही अंगांनी रस्ता थांबला. पायी चालणाऱ्या माणसासाठी त्या चौकात वाहतूक थांबली, असं पेठेच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं. दुकानाच्या पायरीवरून हिंदुरावांनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. वीरभद्रप्पांनी तराजू खाली ठेवला. टोपी, काखेत छत्री, एक पाय पुढे, असा ज्ञानबा वरच्या गोऱ्या ज्ञानबाच्या दिशेनं मधून चालत गेला. काहींनी हात जोडले. एकानं चप्पल काढली.

तो पलीकडे पोचला तेव्हा टांगा वळणावरून दिसेनासा झाला होता.

बोर्डाखाली केराबाई बसलेली. पायाचं प्लास्टर गेलं होतं, पाटी नवी होती. ज्ञानबा तिच्यापाशी वाकला.

"केराबाई, त्यो काय म्हनाला गं? चढताना?"

केराबाईला एका कानानं ऐकू येत नसे, आणि दुसरा कान बाजारच्या बाजूला असे. भोंग्यात तर तिला स्वतःचा आवाजही कळत नसे, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं वर पाहिलं. ज्ञानबाच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली.

"येतो म्हनाला की," ती म्हणाली. "चांगलं दोनदा म्हनाला."

"दोनदा?"

"व्हय. मी हितंच हाय न्हवं."

ज्ञानबानं मान हलवली. वर पाहिलं. हारातले झेंडू वाळून काळे पडले होते, मानसिंगनं चार दिवसांपूर्वी नीट केलेला पेड तेवढा सरळ होता. पलीकडे आता त्याची खोली होती, नवे चार कप होते, घट्ट केलेली कडी होती. तो रस्त्याच्या कडेला येऊन थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दोन्हीकडे सायकली धरून माणसं गप्प उभी होती. मग तो हळूहळू परत निघाला. अगदी पलीकडे पोचेपर्यंत त्याचा कान मागंच होता. पण कुणीही ओरडून विचारलं नाही, मरायचंय का म्हणून.